निवडून आलेले आणि नेमलेलेही

१९२० ते १९३७ या काळात अकोला, अमरावती, बुलडाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांतून नागपूरच्या कायदेमंडळात गेलेला एकही लोकप्रतिनिधी कायद्याच्या दृष्टीने निवडून आलेला नव्हता. निवडणूक मात्र रीतसर होई. मतदारयाद्या लागत, उमेदवारी अर्ज भरले जात, गावोगाव प्रचार होई, मतं पडत आणि मोजलीही जात. निकाल लागला की विजयी उमेदवाराचं नाव सरकारकडे जाई आणि सरकार त्याची कायदेमंडळावर ‘नेमणूक’ करी. जबलपूरचा किंवा नागपूरचा सभासद निवडणुकीच्या जोरावर सभागृहात बसे. त्याच्या शेजारी बसणारा अकोल्याचा सभासद तेवढीच मतं घेऊन आलेला असला तरी कागदावर तो सरकारनियुक्तच ठरे.

कारण साधं होतं. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. तो निजामाचा मुलूख होता आणि इंग्रज तिथे भाडेकरू होते.

वेगवेगळे मुलूख, वेगवेगळ्या भाषा आणि वेगवेगळ्या निष्ठा एका सभागृहात बसवायच्या कशा, हा प्रश्न आज युरोपीय संसदेच्या संदर्भात चर्चिला जातो. आपल्याकडे त्याची तालीम नागपूरच्या कायदेमंडळात छत्तीस वर्षं चालली. त्यातले दोन मोठे प्रसंग अकोल्यात घडले: एक १९२६ मध्ये आणि दुसरा १९४७ मध्ये.

भाडेपट्ट्याचा मुलूख

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. हैदराबाद कंटिन्जन्ट या फौजेचा पगार थकला होता, तो या प्रांताच्या महसुलातून भागवायचा होता. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाही. रेल्वे आली तसा अकोला, खामगाव आणि अमरावतीचा कापूस थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. असा मुलूख हातचा सोडायला कोणताही व्हाइसरॉय तयार नव्हता. ५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळणार होते. सार्वभौमत्व निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, असा तो सौदा होता.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. वाशीम अकोल्यात आणि एलिचपूर अमरावतीत गेलं. या जोडणीत वऱ्हाडच्या लोकांना कोणी विचारलं नाही. शिकलेला, वकिली करणारा, काँग्रेसच्या व्यासपीठावर वावरणारा वर्ग मात्र इथे तयार झालेला होता. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं होतं. दादासाहेब खापर्डे टिळकांचे खंदे साथी होते, तर रावबहादूर रं. न. मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एवढं राजकीय भान असलेल्या या प्रांताचे कायदे तोवर व्हाइसरॉयच्या परराष्ट्र खात्यामार्फत, परमुलुखातल्या अधिकारक्षेत्राच्या नियमांखाली लागू होत होते.

१९१४ मध्ये मध्य प्रांताचं पहिलं कायदेमंडळ बसलं. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी त्याला अधिकार आले आणि निवडणुकीचा विस्तार झाला. तेव्हा वऱ्हाडचा पेच टाळता येईना. परक्या राजाच्या मुलखातल्या लोकांना ब्रिटिश प्रांताच्या सभागृहात निवडून येता येईल का? कायदेपंडितांनी तोडगा काढला तो वर सांगितलेला: आधी निवडणूक, मग नेमणूक. दिल्लीतही हीच रीत होती. कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये आणि केंद्रीय कायदेमंडळात वऱ्हाडला एकेक जागा होती. पहिलीवर खापर्डे गेले, तर दुसरीवर पुढे यवतमाळचे बापूजी अणे. दोघेही लोकांच्या मतांनी गेले आणि सरकारी नेमणुकीने बसले.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हती. मध्य प्रांताच्या कायदेमंडळाने मंजूर केलेला कायदा वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे. त्यासाठी सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागे. म्हणजे वऱ्हाडचा सभासद ज्या विधेयकावर मत देई, ते त्याच्या स्वतःच्या मतदारांना लागू होईल की नाही, हे सभागृहाबाहेर ठरे.

जागांचं माप

लोक वेगवेगळे असतील आणि त्यांची संख्या कमीजास्त असेल, तर कोणाला किती जागा द्यायच्या? युरोपीय संसदेने याचं एक सूत्र केलं आहे. २७ देशांच्या ७२० जागांपैकी जर्मनीला ९६ आणि माल्टाला ६ जागा आहेत. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर माल्टाला एक जागादेखील भरभक्कम ठरावी. पण छोट्याचा आवाज अगदीच बुडू नये म्हणून त्याला मुद्दाम वाढीव वजन दिलं आहे. मोठ्या देशाच्या जागा जास्त, मात्र दर जागेमागे माणसंही जास्त, असा तो नियम आहे. गमतीचा भाग असा की १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीपूर्वी त्या संसदेचे सभासदही लोकांनी थेट निवडलेले नसत. प्रत्येक देशाची संसद आपल्यातलेच काही जण तिथे पाठवी.

नागपूरच्या कायदेमंडळात निवडणुकीच्या ५५ जागा होत्या. त्यांतल्या १७ वऱ्हाडच्या होत्या. प्रांताच्या लोकसंख्येत वऱ्हाडचा वाटा पाचव्या हिश्शाच्या थोडा वर होता आणि जागांमध्ये तो तिसऱ्या हिश्शाच्या जवळ गेला. म्हणजे वजन इथेही होतं. मताचा हक्क मालमत्ता, सारा आणि कर यांवर ठरे. कापसाच्या मुलखात सारा भरणारे पुष्कळ होते, त्याचा फायदा वऱ्हाडला मिळाला. याच कारणाने मजूर, कूळ आणि दलित मात्र यादीबाहेर राहिले. दलितांचा आवाज सभागृहात पोचला तो अमरावतीच्या ग. आ. गवई यांच्यासारख्या नेमलेल्या सभासदांमार्फत. सुरुवातीला स्त्रियांना मतही नव्हतं.

पैशाचंही माप ठरलं. वऱ्हाडचा महसूल मध्य प्रांतावर खर्च होतो, ही तक्रार जोडणीच्या दिवसापासूनची होती. तिच्यावर तोड म्हणून ‘सिम सूत्र’ आलं. वाटून घ्यायच्या खर्चाचे पाच भाग करायचे, दोन वऱ्हाडला आणि तीन मध्य प्रांताला. हे सूत्र पाळलं गेलं की नाही, यावर अंदाजपत्रकाच्या चर्चेत दरवर्षी खडाजंगी होई. पण भांडायला एक आकडा हाताशी होता, हे महत्त्वाचं. आकडा नसला की तक्रारीचं गाऱ्हाणं होतं आणि गाऱ्हाण्याला सभागृहात किंमत नसते.

दोन रुपयांचा पगार

१९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने मध्य प्रांतात जो विजय मिळवला तसा देशात दुसरीकडे कुठेही मिळवला नाही. सभागृहात त्यांचं स्पष्ट बहुमत होतं. त्यांचं धोरण होतं आत शिरून यंत्रणा बंद पाडण्याचं. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, शेती, आरोग्य अशी ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे आणि जमीन महसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे असत. मंत्री हे या व्यवस्थेचं भारतीय तोंड होतं. ते तोंडच बंद करायचं स्वराज्यवाद्यांनी ठरवलं.

मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव झाला. १९२४ च्या अंदाजपत्रकावेळी मागणीमागून मागणी फेटाळली गेली. मंत्र्यांच्या पगाराची बाब आली तेव्हा सभागृहाने तो पूर्ण नाकारला नाही. त्यांनी मंजूर केले वर्षाला दोन रुपये. पगार शून्य केला असता तर तो निव्वळ नकार ठरला असता. दोन रुपये ठेवल्याने मंत्रिपदाची लायकी काय, तेही सभागृहाच्या नोंदीत गेलं. मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खातीही आपल्याकडे घेतली.

विजय तर झाला, पण पुढे काय? शाळा, दवाखाने, रस्ते सगळंच गव्हर्नरच्या हाती गेलं होतं. वऱ्हाडच्या वकील-पुढाऱ्यांना हा उपास सोसेना. टिळकांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी सांगितलेला मार्ग त्यांना आठवला: सरकार जितकं सहकार्य करील तितकंच आपण करायचं. ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचेच नेते, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. पक्षात भूकंप झाला. मोतीलाल नेहरूंनी कडक भूमिका घेतली. केळकर, जयकर, मुंजे आणि अणे मात्र तांब्यांच्या बाजूने बोलू लागले.

हे सगळे फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात जमले आणि तिथे प्रतिसहकार पक्षाची स्थापना झाली. आज अकोल्याच्या इतिहासात या बैठकीला फार जागा मिळत नाही, पण तिथे ठरलेला प्रश्न कायदेमंडळाच्या मुळाशी जाणारा होता. ज्या सभागृहाची घडणच आपल्याला मान्य नाही, तिथे जाऊन ते बंद पाडायचं, की मिळेल तेवढी सत्ता घेऊन ते वापरायचं? अकोल्याने दुसरं उत्तर दिलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर मंत्रिमंडळ पुन्हा उभं राहिलं आणि १९२७ मध्ये मंत्री झालेल्या दोघांपैकी एक अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख होते. तांबे पुढे १९२९ मध्ये प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. निजामाच्या मुलखातला, कागदावर ‘नेमलेला’ सभासद प्रांताच्या सर्वोच्च खुर्चीत बसला.

अकोल्यात ही बैठक चालू असताना वऱ्हाडच्या मालकीचा वाद दिल्लीत भिजत पडला होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये निजाम उस्मान अलींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला होता. परत मिळाल्यास वऱ्हाडला स्वतःची घटना आणि स्वायत्त कारभार देऊ, असं आमिषही पुढे केलं होतं. लॉर्ड रीडिंगचं उत्तर २७ मार्च १९२६ ला गेलं, अकोल्याच्या बैठकीनंतर सहा आठवड्यांच्या आत. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, असं त्यात बजावलं होतं. संस्थानांच्या इतिहासात ते पत्र गाजलं. वऱ्हाडच्या मतदाराला मात्र त्यातून एवढंच कळलं की आपला मालक कोण, याची चर्चा आपल्याला वगळून चालते.

११२ जागांची विधानसभा

१९३५ च्या कायद्याने नेमणुकीचं सोंग संपवलं. २४ ऑक्टोबर १९३६ ला निजामाशी नवा करार झाला. त्याचं सार्वभौमत्व मान्य ठेवून वऱ्हाड आणि मध्य प्रांत कारभारापुरता एकच प्रांत समजला गेला. नाव ठरलं मध्य प्रांत व वऱ्हाड. निजामाची समजूतही घातली गेली. त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर हैदराबादचं निशाण लावण्याचा हक्क मिळाला, नागपूरला आपला प्रतिनिधी ठेवण्याची मुभा मिळाली आणि २५ लाख चालू राहिले.

नव्या विधानसभेत ११२ जागा होत्या आणि समाज किती खणांत विभागला गेला होता ते त्यांच्या वाटणीतच दिसतं. ८४ सर्वसाधारण, त्यांत २० अस्पृश्यांसाठी राखीव. मुसलमानांच्या १४, स्त्रियांच्या ३, जमीनदारांच्या ३, व्यापाराच्या २, मजुरांच्या २. मागास भाग, अँग्लो-इंडियन, युरोपियन आणि विद्यापीठ यांना एकेक. मुसलमान मतदार मुसलमान उमेदवारालाच मत देई. राखीव जागांची पद्धत पुणे कराराने ठरलेली होती. अस्पृश्य मतदार आधी आपल्यातले चार उमेदवार निवडत आणि मग त्या चौघांतून सर्व सर्वसाधारण मतदार एकाला निवडत. अकोल्याच्या मतदान केंद्रावर शेजारी-शेजारी राहणारी माणसं वेगवेगळ्या याद्यांत नावं शोधत होती.

१९३७ मध्ये काँग्रेसने ७० जागा जिंकल्या. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त सभापती आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या. कायद्याने कामकाजाची भाषा इंग्रजी होती. ज्याला इंग्रजी पुरती येत नाही त्याला दुसरी भाषा वापरायची सवलत होती. गुप्तांनी त्या सवलतीचा अर्थ सैल हाताने लावला. त्यामुळे बिलासपूरकडची हिंदी आणि वऱ्हाडची मराठी एकाच सभागृहात ऐकू येऊ लागली.

काँग्रेस मात्र या प्रांताला एक मानत नव्हती. १९२० पासून तिने त्याच्या तीन भाषिक प्रांतिक समित्या केल्या होत्या: महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. पक्षाचे तीन तुकडे आणि सरकार मात्र एक. मंत्रिमंडळ या तीन खुंट्यांवर टांगलेलं होतं. मुख्यमंत्री, त्या वेळच्या भाषेत पंतप्रधान, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे. वऱ्हाडचे दोघे रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे. महाकोशलचे तिघे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता. एकमेकांवरचा अविश्वास एवढा वाढला की मे १९३८ मध्ये पचमढीला वरिष्ठांच्या साक्षीने समेट घडवावा लागला. तो दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै १९३८ ला खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि देशमुखांनीही दिला. महाकोशलच्या तिघांनी नकार दिला. पक्षाच्या वरिष्ठ मंडळाचा आदेश नाही, तोवर खुर्ची सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. राजभवनावर रात्रभर जा-ये चालली. पहाटे गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केलं आणि त्याच दिवशी खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवून शपथ घेतली. शपथेची शाई वाळण्याआधी वर्ध्याहून पक्षाच्या वरिष्ठ मंडळाचं बोलावणं आलं. २३ जुलैला खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. आठवडाभरात शुक्ल मुख्यमंत्री झाले.

खऱ्यांचं चुकलं का? गव्हर्नरचा हात धरून आपल्याच सहकाऱ्यांना काढणं काँग्रेसला पटणारं नव्हतं, हे उघड आहे. पण मराठी मुलखाने त्यातून वेगळा धडा घेतला. नेता कोण, हे सभागृहात ठरत नाही. ज्या गटाची डोकी जास्त त्याच्याकडे सत्ता जाते आणि अंतिम शब्द सभागृहाबाहेर उच्चारला जातो. मराठी जिल्हे आठ होते, चार वऱ्हाडचे आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे चार. हिंदी भाग त्यांच्याहून मोठा होता.

उत्तर दोन-अडीच महिन्यांत आलं. १ ऑक्टोबर १९३८ ला याच विधानसभेत रामराव देशमुखांनी मराठी जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ प्रांत करावा असा ठराव आणला आणि तो मंजूर झाला. बहुभाषिक सभागृहाने स्वतःच्या फाळणीची शिफारस केली. ती अमलात आणण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं, नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरचा एकहाती कारभार चालला.

अकोला, ८ ऑगस्ट १९४७

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसला ९२ जागा मिळाल्या आणि शुक्ल पुन्हा आले. या विधानसभेने एक वेगळी निवडणूकही केली, घटना समितीची. दर दहा लाख लोकांमागे एक या हिशेबाने प्रांताच्या वाट्याला १७ जागा आल्या. आमदारांनी पसंतीक्रमाच्या मतांनी त्या भरल्या. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख त्यात गेले. म्हणजे निजामाच्या मुलखातले दोघे स्वतंत्र भारताची घटना लिहायला बसले, आणि मूळ मालकी अजून सुटलेली नव्हती.

इंग्रज जाणार हे ठरताच ती मालकी पुन्हा डोकं वर काढू लागली. सार्वभौम सत्ता संपली तर तिच्याबरोबरचे करारही संपतात, हा हैदराबादचा युक्तिवाद होता. ११ जुलै १९४७ ला हैदराबादच्या शिष्टमंडळाने दिल्लीत माउंटबॅटनपुढे वऱ्हाडची मागणी मांडली. वऱ्हाडात धास्ती पसरली. एकीकडे निजाम, दुसरीकडे हिंदी बहुमत आणि तिसरीकडे संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारी पुण्या-मुंबईची मंडळी. त्या महाराष्ट्रात गेलो तर पुन्हा अल्पसंख्यच राहणार, ही शंका होतीच.

या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्याच्या आधल्या आठवड्यात, ८ ऑगस्ट १९४७ ला, अकोल्यात दोन्हीकडचे पुढारी बसले. पश्चिम महाराष्ट्राकडून शंकरराव देव आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आले होते. विदर्भाकडून बियाणी, पंजाबराव, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आणि नागपूरहून ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर होते. ठरलं ते असं: एकच महाराष्ट्र प्रांत, पण त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत. गव्हर्नर एक, विधिमंडळं मात्र दोन आणि मंत्रिमंडळंही दोन. संयुक्त महाराष्ट्र झाला नाही तर वेगळ्या महाविदर्भाला पश्चिमेकडचे पुढारी पाठिंबा देतील.

हा अकोला करार. त्याच्यामागे चौवेचाळीस वर्षांचा अनुभव होता. एका सभागृहात अल्पसंख्य म्हणून बसणं म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या माणसाने १९२४ मध्ये, १९३८ मध्ये आणि दरसालच्या अंदाजपत्रकात पाहिलं होतं. म्हणून त्याने जागा मागितल्या नाहीत. स्वतःचं सभागृह मागितलं.

सभागृहापासून अधिवेशनापर्यंत

निजामाचा प्रश्न सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईने निकालात निघाला. २६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली आणि प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा ठरल्या. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने २३२ जणांची विधानसभा निवडली गेली. कापूस वेचणारी बाई आणि जिनिंगचा मालक पहिल्यांदा एकाच यादीत आले. ही क्रांती मोठी होती. पण महाकोशलचं बहुमत होतं तसंच राहिलं.

अकोला करार मात्र कोणत्याच कायद्यात उतरला नाही. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यावर भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण यांच्याबरोबर विदर्भाकडून रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आणि रा. कृ. पाटील यांच्या सह्या आहेत. १९३८ मध्ये वेगळ्या विदर्भाचा ठराव आणणारे, १९४७ मध्ये स्वतंत्र विधिमंडळावर सही करणारे रामराव आता ज्या कागदावर सही करत होते, त्यात स्वतंत्र विधिमंडळ नव्हतं. होतं ते एवढंच: विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला, ठरावीक काळ सरकारचा मुक्काम तिथे, खर्च आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात. अणे आणि बियाणी यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडली आणि १९५५ च्या अहवालात आयोगाने ती उचलूनही धरली. सरकारने ती शिफारस बाजूला ठेवली.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आमदारही निवडणुकीविना एका विधानसभेतून दुसऱ्या विधानसभेत गेले. पुढे १९५७ च्या निवडणुकीत ३९६ जणांच्या सभागृहात मराठी आणि गुजराती भाषक एकत्र बसले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि हा सगळा प्रवास मराठीपुरता एका छताखाली आला. त्याआधी १९५६ मध्येच घटनेच्या ३७१ (२) कलमाने राज्यपालांवर विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकासाची विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद केली. तिच्यावर आधारित विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

आता ही रांग एकदा नीट पाहावी. १९४७ च्या करारात स्वतंत्र विधिमंडळ होतं. १९५३ च्या करारात एक अधिवेशन उरलं. १९५६ च्या तरतुदीत राज्यपालांची जबाबदारी आली आणि १९९४ मध्ये मुदतीचं मंडळ. दर पायरीला हमी पातळ होत गेली आणि प्रत्येक वेळी सह्या करणाऱ्यांत आपलीच माणसं होती. दोष केवळ पुण्या-मुंबईच्या माथी मारून चालत नाही. बियाणी एकीकडे, खेडकर दुसरीकडे, पंजाबरावांचं लक्ष शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांचा आपसांत एक मेळ बसला नाही. ज्यांचा आपसांत मेळ नाही, त्यांच्या कराराला समोरचा कशाला बांधून घेईल?

इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाडला सभागृहात वाढीव वजन आणि खर्चात दोन पंचमांश हिस्सा होता. तो कोणाच्या प्रेमापोटी मिळालेला नव्हता, लिहून घेतलेला होता. स्वतंत्र भारतात मिळालेली बहुतेक आश्वासनं पुढाऱ्यांच्या सह्यांची होती. सह्या करणारे गेले आणि आश्वासनं वाऱ्यावर राहिली. अनेक लोकांनी मिळून एक सभागृह चालवायचं असेल, तर धाकट्याच्या जागा, त्याची भाषा आणि त्याचा पैसा यांची मोजणी पहिल्याच दिवशी कायद्यात लिहून घ्यावी लागते. शब्दावर विसंबून राहिलेल्या भागाला पुढची पन्नास वर्षं निवेदनं देत बसावं लागतं. अकोला कराराचा निकाल हा आहे.